रिकाम्या पारड्याचे पोस्टर

आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने गेल्या वर्षी बारा मिनिटांचा एक भयपट काढला. कथा मंडईतली. रात्री गाळे बंद झाल्यावर एका गाळ्यातली तागडी आपोआप हलू लागते, एवढेच तिचे सूत्र. नाव ठेवले 'माप'. दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनी ही मानाची कामे ज्येष्ठ मंडळींनी आपसांत वाटून घेतली आणि उरलेले पोस्टरचे काम, 'तुझ्याकडे संगणक आहे ना?' एवढ्या पात्रतेवर, माझ्या गळ्यात पडले. ते काम मला दोनदा करावे लागले. दोनदा का, हे सांगण्यासाठी हा लेख. ओघात असे पोस्टर संगणकावर कसे करतात तेही सांगेन. स्नेहसंमेलनाच्या जाहिराती ज्यांच्या गळ्यात पडतात अशा समदुःखी मित्रांना त्याचा उपयोग व्हावा.

आधी जागेविषयी. मंडईची दगडी इमारत १८८६ साली खुली झाली, तेव्हा तिचे नाव रे मार्केट; मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. या बांधकामावर नगरपालिकेने पैसा घालू नये म्हणून विरोध करणाऱ्या सभासदांत जोतीराव फुले होते, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, हा एक खास पुणेरी योग. इमारतीची धाटणी गॉथिक. मधला अष्टकोनी मनोरा, उतरती छपरे, टोकदार कमानी. इंग्रजीत भयकथेला 'गॉथिक' म्हणण्याची चाल पडली ती होरेस वॉलपोलच्या १७६४ सालच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' या कादंबरीपासून. तिच्या दुसऱ्या आवृत्तीवर त्याने 'एक गॉथिक कथा' असे छापून टाकले होते. तेव्हा पडका गॉथिक मनोरा दिसला की भुताची चाहूल लागलीच पाहिजे, असा साहित्यातला संकेतच झाला आहे. आपला मनोरा दिवसा कोथिंबिरीच्या जुड्यांवर आणि गिऱ्हाइकांच्या घासाघिशीवर इतका मायेने सावली धरतो की त्याच्यात हा गुण असेल असे वाटत नाही. रात्री साडेअकराला, शेवटची हातगाडी निघून गेल्यावर, एकदा पाहावा.

दुसरी गोष्ट अशी की मंडई ही सिनेमाची जुनी जागा. आज तिथे दुचाकी लावायला आपण 'आर्यन'मध्ये किंवा 'मिनर्व्हा'मध्ये जातो, आणि ही वाहनतळांची नावे दोन चित्रपटगृहांची आहेत, हे आमच्या पिढीतल्या बहुतेकांना ठाऊक नसते. गंगाधरपंत पाठकांनी १९१५ साली आर्यन सुरू केले. १९८३ साली ते बंद झाले. याच आर्यनमध्ये १९२० साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' लागला होता. कथा खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ची, म्हणजे जे नाटक इंग्रज सरकारने १९१० साली बंद पाडले होते त्याची. चित्रपटात भीम कीचकाचे मुंडके धडावेगळे करतो हे दृश्य इतके हुबेहूब उतरले होते की प्रेक्षक हादरले आणि पुढे ते दृश्य काढून टाकावे लागले. मराठी माणसाने पडद्यावर पाहून घाबरण्याची ही फार जुनी नोंद, आणि ती मंडईतली. बाबूराव मूळचे नाटकाचे पडदे रंगवणारे. आपल्या चित्रपटांची पोस्टरेही ते स्वतः रंगवीत; त्यांच्या १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चे पोस्टर हे आपल्याकडच्या आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या चित्रमय पोस्टरांत गणले जाते.

नाटकाच्या पडद्यांचा उल्लेख मुद्दाम केला. चित्रसंस्करणाच्या प्रणालीत जी मुख्य युक्ती आहे ती हीच. फोटोशॉप ही प्रणाली थॉमस आणि जॉन नॉल या भावांनी केली आणि ती १९९० साली बाजारात आली. पण तिच्यात 'लेयर' आले ते १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. लेयर म्हणजे पडद्याआड पडदा. सर्वांत मागे आकाश, त्यापुढे मनोरा, त्यापुढे धुके, त्यापुढे भूत, आणि सर्वांत पुढे अक्षरे. एक पडदा हलवला तर बाकीचे जागचे हलत नाहीत. मी वापरली ती 'गिंप' नावाची प्रणाली. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी ती लिहिली आणि १९९६ साली लोकांसाठी खुली केली. तिला पैसे पडत नाहीत, हे तिच्या निवडीचे पहिले, दुसरे आणि तिसरे कारण.

लेयरच्या जोडीला 'मास्क'. हा एक काळापांढरा साचा असतो. साचा जिथे पांढरा तिथे चित्र दिसते, काळा तिथे झाकले जाते, करडा तिथे अर्धवट. खोडरबराने खोडलेले गेले ते गेले. मास्कने झाकलेले पुन्हा उघडता येते. नवशिक्याने पहिल्या दिवशी हेच शिकावे. मी तिसऱ्या आठवड्यात शिकलो आणि तोवर मनोऱ्याच्या एका बाजूचे छप्पर कायमचे खोडून बसलो होतो.

तिसरी गोष्ट, दोन पडदे एकमेकांत मिसळण्याच्या तऱ्हा. 'मल्टिप्लाय' म्हणजे दोन पारदर्शिका एकावर एक ठेवून उजेडासमोर धराव्यात तसे: काळे आणखी काळे होते, पांढरे नाहीसे होते. पांढऱ्या कागदावर शाईचे शिंतोडे उडवून त्याचा फोटो घेतला आणि या तऱ्हेने चढवला, की भिंतीवर फक्त शिंतोडे राहतात, कागद गायब. 'स्क्रीन' याच्या उलट; दोन प्रोजेक्टरांचा झोत एकाच भिंतीवर पाडल्यासारखे. काळे नाहीसे होते, उजळ ते राहते. धूर, धुके, पाऊस यांसाठी हीच. काळ्या कापडापुढे उदबत्ती लावून तिच्या धुराचे फोटो घ्यावेत. मंडईवर हवे तेवढे धुके उतरवता येते. पुण्यात भर उन्हाळ्यात एवढे धुके कोठून आले, असे विचारणारा एक प्रेक्षक असतोच; त्याच्याकडे दुर्लक्ष करावे.

एवढे ज्ञान झाल्यावर मी पहिले पोस्टर केले.

पहाटे पाचच्या सुमारास मंडईत फोटो काढत हिंडत असताना एका गाळ्यावर एक आजी मेथीच्या जुड्या लावत बसलेल्या दिसल्या. गाळ्यावरचा दिवा वायरीला लोंबत छातीइतक्या उंचीवर आला होता आणि त्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर खालून पडत होता. उजेड वरून पडतो, सूर्याचा काय अन् दिव्याचा काय, याची आपल्या डोळ्यांना जन्मापासून सवय असते. तो खालून आला की नाकाची सावली कपाळाकडे चढते, डोळ्यांच्या खोबणी उलट्या भरतात आणि ओळखीचा चेहरा परका होतो. म्हणूनच लहानपणी हनुवटीखाली विजेरी धरून आपण धाकट्या भावंडांना रडवतो. मला तर हे आयतेच मिळाले. मी फोटो घेतला. विचारले नाही. मंडईत सगळेच फोटो काढतात.

घरी येऊन त्या चेहऱ्यावर मी चार रात्री राबलो. डोळ्यांतली बुबुळे काढून तिथे दुधी पांढरे भरले. सुरकुत्यांच्या सावल्या 'कर्व्हज'ने खोल केल्या, म्हणजे मधल्या छटा काळ्याकडे ओढल्या. कातडीतली तांबूस छटा काढून हिरवट निळी चढवली. पदर तसाच ठेवला, केस मोकळे सोडले. ते केस दुसऱ्याच कोणाचे, एका जुन्या नाटकाच्या फोटोतले. मागे मनोरा, धुके, आणि मनोऱ्यामागे एवढा मोठा चंद्र की तो खरा असता तर मुठेला समुद्रासारखी भरती आली असती. मंडळाच्या बैठकीत टाळ्या पडल्या. बारा प्रती काढल्या, परिसरात चिकटवल्या, आणि अर्थात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या.

त्यांतली एक प्रत आर्यन वाहनतळाजवळच्या चहाच्या टपरीला लावली होती. तिसऱ्या दिवशी मी तिथे चहा पीत असताना त्याच आजी आल्या. कपबशी हातात घेऊन बराच वेळ पोस्टरकडे पाहत राहिल्या. मग, मी कोण हे ठाऊक नसताना, टपरीवाल्याला म्हणाल्या, "ह्ये मीच न्हवं?"

तो हसला. मी हसलो नाही, आणि त्यामुळे मी सापडलो.

"तू काढलंस व्हय रं, पोरा?" मी मान हलवली. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. माझ्यापाशी पाच-सहा उत्तरे तयार होती. त्यांनी कप खाली ठेवला, पोस्टरवरच्या कपाळाला बोट लावले आणि म्हणाल्या, "डोळं काढलंस. पन गोंदान तेवढं ठिवलंस." खरेच, भुवयांमधले ते हिरवे गोंदण मी मुद्दाम ठेवले होते, गावरान भीती वाटते म्हणून. मग म्हणाल्या, "माझ्या नातवाला दावू नगंस. रातच्याला माझ्याच कुशीत झोपतोय त्यो."

त्या रात्री मी आणि माझा एक मित्र पाण्याची बादली आणि पत्र्याचा तुकडा घेऊन हिंडलो आणि बाराच्या बारा प्रती खरवडून काढल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेले मात्र खरवडता येत नाही. तीन-चार ठिकाणी ते अजून फिरत असेल. ज्याला त्याला काढून टाकण्याची विनंती केली; काहींनी ऐकले, काहींनी हसरा चेहरा पाठवला.

हे सर्व आमच्या एका प्राध्यापकांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले की चुका दोन झाल्या आहेत. एक माणुसकीची आणि एक कलेची, आणि त्या एकाच जागी झाल्या आहेत. तेव्हा कळले नाही. कळावे म्हणून त्यांनी मला जुनी पोस्टरे पाहायला लावली. रॅमसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'सारख्या (१९८४) चित्रपटांची जाहिरात करण्याची रीत उघडीवाघडी असे. राक्षस, सुळे, किंचाळणारी नायिका, सगळे दुकान दारात मांडलेले. तिला तिची गंमत आहे आणि मी तिला नावे ठेवणार नाही. पण त्याच्या शेजारी 'द एक्झॉर्सिस्ट'चे (१९७३) पोस्टर ठेवून पाहावे. बिल गोल्ड यांनी केलेल्या त्या पोस्टरवर भूत नाही, झपाटलेली मुलगी नाही, रक्ताचा थेंब नाही. रात्रीची वेळ, एक घर, खिडकीतून बाहेर पडणारा उजेडाचा झोत, आणि त्या उजेडात बॅग घेऊन उभा असलेला, पाठमोरा वाटावा असा एक काळा माणूस. बस. त्या खिडकीत काय आहे ते पाहणाराच आपल्या मनाने भरतो, आणि प्रत्येक जण आपल्याला सर्वांत जास्त जे भिववते तेच भरतो. चित्रकाराने कितीही सुळे काढले तरी ते त्याचे सुळे, पाहणाऱ्याचे नव्हेत.

माझ्या पोस्टरमध्ये भीती नव्हतीच. एका म्हाताऱ्या कष्टकरी बाईचा चेहरा होता आणि तो मी विद्रूप केला होता. संगणकात सगळे दाखवता येते, म्हणून मी सगळे दाखवले. आणि दाखवायला काही हवे म्हणून हाताशी आला तो चेहरा उचलला. न दाखवायचे ठरवले असते तर चेहऱ्याची गरजच पडली नसती.

मी पुन्हा मंडईत गेलो. या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवून आधी आजींच्या गाळ्यावर बसलो. माफी मागितली, त्यांनी ती विशेष न ऐकता मला वाटाण्याच्या शेंगा निवडायला बसवले. बोलता बोलता मी विचारले, "आजी, तुम्हाला इथे रात्री कसली भीती वाटते?" त्यांना प्रश्न भुताचा आहे हे लक्षातच आले नाही. म्हणाल्या, "रिकामं पारडं खाली गेलं की वाटतीया."

ज्यांनी काटेवाल्या तागडीवर भाजी घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा हवा. दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी आडवी राहिली पाहिजे. एक पारडे जड भरत असेल तर दुसऱ्या बाजूला खडा, चिंध्या, तारेचा तुकडा असे काही बांधून बरोबरी करतात. त्याला पासंग म्हणतात. 'तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' असे आपण म्हणतो ते इथूनच आले. रिकामे पारडे खाली झुकले, म्हणजे माप खोटे. वजनमापवाल्या साहेबाने पाहिले तर दंड, आणि गिऱ्हाइकाने पाहिले तर त्याहून वाईट. आता बहुतेक गाळ्यांवर विजेचे काटे आले. आजींची पितळी तागडी मागे खुंटीला टांगलेली होती. त्यांनी ती काढून दिली आणि फोटो कोणाचा, कसा, कशासाठी, हे सगळे या वेळी मी आधी सांगितले.

दुसऱ्या पोस्टरवर एवढेच आहे: बंद गाळा, मागे अंधारात मनोऱ्याची कड, मध्यभागी टांगलेली तागडी. दोन्ही पारडी रिकामी. डावे खाली गेलेले.

करायला हे पहिल्याहून अवघड. तागडी दिवसा सावलीत टिपलेली, गाळा रात्री. जोडाजोडीतली लबाडी उघडी पडते ती प्रकाशाच्या दिशेवरून. गाळ्यावर उजेड उजवीकडून येत होता, तेव्हा पारड्यांच्या उजव्या कडा उजळायला हव्यात, आणि सावली डावीकडे खाली पडायला हवी. सावलीसाठी तागडीचाच आकार काळा भरून वेगळ्या लेयरवर घेतला, तिरका केला, कडा धूसर केल्या आणि मल्टिप्लाय लावले. सावली जसजशी वस्तूपासून दूर जाते तसतशी ती अधिक धूसर आणि फिकी होते, हे विसरलात तर वस्तू कात्रणासारखी चिकटवलेली दिसते. शेवटी सर्व लेयरवर मिळून एकच बारीक दाणा पसरला. वेगवेगळ्या वेळी घेतलेले फोटो त्याने एका कुळातले वाटू लागतात. रंग हिरवट निळा केला नाही, कारण तसे भयपटाचे पोस्टर प्रत्येक गल्लीत आहे. गाळ्यातल्या दिव्याचा पिवळा रंग राहू दिला आणि फक्त अंधार वाढवला. चंद्र रजेवर गेला.

मग अक्षरे. इथे मी एक गोष्ट शिकलो ती कोणत्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. इंग्रजी भयपटांच्या नावांत अक्षरांच्या तळातून रक्त ओघळते, कारण रोमन अक्षर जमिनीवर उभे असते. देवनागरी अक्षर उभे नसते. ते शिरोरेषेला टांगलेले असते, दोरीवरच्या कपड्यासारखे, किंवा आमच्या तागडीसारखे. तेव्हा मोडतोड करायची ती शिरोरेषेची, असे मी ठरवले आणि 'माप'ची रेषा सुरुवातीलाच तडकवली. मित्राने लांबून वाचले, "भाप? इडलीवर काढलाय का सिनेमा?" भ आणि म यांच्यात, तसेच ध आणि घ यांच्यात, शिरोरेषेतल्या फटीचा मोठा वाटा आहे, तिथे फट पाडली की अक्षर बदलते. शेवटी रेषा अखंड ठेवली आणि सबंध शब्दच किंचित कलता केला, दांडी कलली होती तेवढ्याच अंशाने.

खाली एक ओळ टाकली: 'गिऱ्हाईक आले आहे'. ही ओळ एका जुन्या आवृत्तीच्या प्रणालीत उघडली तर ऱ्हस्व वेलांटी ग च्या मागे जाऊन बसली आणि ऱ्हा चे दोन तुकडे झाले. भुताने नव्हे, अक्षरजोडणीने घाबरलो. उपाय असा की अक्षरे जिथे नीट जुळतात तिथे ती युनिकोडमध्ये टाइप करावीत, तपासावीत, आणि छपाईला देण्यापूर्वी त्यांचे आकारांत रूपांतर करून टाकावे. मग ती कोठेही उघडली तरी मोडत नाहीत.

छपाईचे दोन शब्द. वीस बाय तीस इंचांचे पोस्टर हातात घेऊन पाहायचे असेल तर इंचाला ३०० ठिपके धरावेत, म्हणजे ६००० गुणिले ९०००, सुमारे ५ कोटी ४० लाख ठिपके. मोबाइलवरून मागवलेला फोटो एवढा ताणला की भुताऐवजी चौकोन दिसतात. लांबून पाहायच्या फ्लेक्सला याच्या तिसऱ्या हिश्श्यातही भागते. आणि अंधार. संगणकाच्या पडद्यामागे उजेड असतो, कागदामागे नसतो. पडद्यावर दिसणाऱ्या दहा काळ्या छटा कागदावर एकच चिखल होतात. आमची पहिली चाचणी अशीच आली, मनोरा पार बुडाला. म्हणून पडद्यावर जरा जास्तच उजळ वाटेल एवढा अंधार हलका करावा. नुसती काळी शाई कागदावर राखाडी दिसते, म्हणून मोठ्या काळ्या भागात काळी १०० बरोबर निळी ६०, किरमिजी ४०, पिवळी ४० असे मिश्रण दिले. बेरीज २४० टक्के. ३०० च्या वर गेलात तर कागद वाळत नाही. बारीक पांढरी अक्षरे मात्र अशा चौरंगी काळ्यावर ठेवू नयेत. चार शायांतली एक केसभर सरकली तरी अक्षर भरून जाते.

पहिली नीट प्रत घेऊन मी आजींच्या गाळ्यावर गेलो. गिऱ्हाइकांची गर्दी होती. जुड्यांवर पाणी मारता मारता त्यांनी एकदा पाहिले. नातू शेजारीच पोत्यावर बसून गृहपाठ करीत होता. त्याने पोस्टर ओढून घेतले, आपल्या आजीची तागडी ओळखली, आणि यात भूत कुठे आहे म्हणून विचारू लागला. मी काही बोललो नाही. तो कोपऱ्यान् कोपरा शोधत राहिला.

"पारडं खाली गेलंय," आजी म्हणाल्या. "साहेब बघंल तर दंड करंल." आणि त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला मेथीचा भाव सांगितला.